ॲप बनवणारे खूप, वापरून बघणारे कमी: युजेबिलिटी टेस्टिंग आणि इंटरॅक्शन डिझाइनमध्ये करिअर कसं करायचं?



मागच्या आठवड्यात एका मुलीचा मेसेज आला. बी.कॉम. झालंय, वडिलांचं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. "ताई, यूआय-यूएक्सचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. फी दीड लाख. शंभर टक्के नोकरीची हमी देतात. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. करू का?"

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. आधी एकच विचारलं, "हे काम नेमकं काय असतं, ते तू एकदा तरी करून बघितलंस का?" तिचं उत्तर आलं, "नाही, पण स्कोप आहे म्हणतात."

स्कोप आहे, हे खरंच आहे. पण ज्या कामासाठी आईच्या पाटल्या जाणार, ते काम आधी हातात घेऊन बघायला नको का? दुकान टाकण्याआधी आपण त्या गल्लीत दोन दिवस उभं राहून गिऱ्हाईक मोजतोच ना, तसंच. म्हणून आज व्हिडिओपेक्षा जरा सविस्तर लिहिते. हे काम काय, कसं करतात, त्याला पैसे कोण देतं, शिकायचं कुठे आणि स्वतःचा छोटा व्यवसाय म्हणून ते जमेल का. शेवटी त्या मुलीला काय सांगितलं तेही सांगते.

आधी माझी चूक ऐका

कराडला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. या धंद्यात वर्षाची खरी कमाई जूनमध्ये. शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस काउंटरसमोर पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक पालकाच्या हातात शाळेची यादी, आणि प्रत्येकाला घाई. २०२२ च्या जूनसाठी मी ठरवलं की यादीची ऑर्डर ॲपवर घ्यायची आणि सेट आधीच बांधून ठेवायचे. पालकांनी यायचं, पिशवी उचलायची, निघायचं. पप्पांचा विरोध होता. तरी ६५ हजार रुपये घालून ॲप करून घेतलं आणि ३०० सेट बांधून ठेवले.

ॲपवरून आलेल्या ऑर्डरी किती? १९.

बाकी सगळे फोन करत होते. "मॅडम, ते तुमचं ॲप राहू दे, तुम्ही लिहूनच घ्या." ३०० सेटमधले बरेच दिवाळीपर्यंत सुटे करून, सवलतीत विकावे लागले. पप्पा एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले की आपल्याकडच्या लोकांना ॲप वापरता येत नाही.

दिवाळीला मावसबहीण आली. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आधी टेस्टिंग करायची, आता यूएक्स रिसर्चमध्ये आहे. ती म्हणाली, "ताई, कुणाला वापरताना तू स्वतः बघितलंस का?" मी गप्प. मग तिने नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी पाच जणींना एकेक करून चहाला बोलावलं, त्यांच्याच फोनवर ॲप उघडायला लावलं आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या मुलाच्या वर्गाची यादी मागवा." बाजूच्या स्टुलावर बसून ती नुसती बघत आणि लिहीत राहिली. मला तिने बोलायची सक्त मनाई केली होती.

दोन तासांत जे दिसलं ते असं:

१. लॉगिनसाठी आमच्या वहीतले नंबर भरलेले होते आणि वहीत बहुतेक नंबर मुलांच्या वडिलांचे. ओटीपी जायचा नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा ड्युटीवर. पाचपैकी तिघी पहिल्याच पानावर अडकल्या.

२. मराठी, सेमी की इंग्रजी माध्यम, हे निवडायची जागा वरच्या तीन रेघांच्या मेनूत दडलेली. न निवडल्यास आपोआप इंग्रजी माध्यमाची यादी यायची.

३. छोट्या फोनवर कीबोर्ड उघडला की "प्रोसीड" हे बटण त्याच्याखाली झाकलं जायचं.

४. नातवासाठी यादी मागवणाऱ्या एका आजींनी कार्टचं चित्र बघून विचारलं, "ही ढकलगाडी आहे, म्हणजे सामान घरी आणून देणार का?"

ॲप बनवणाऱ्या मुलाने फसवलं नव्हतं. त्याने प्रत्येक बटण तपासलं होतं आणि प्रत्येक बटण चालत होतं. फक्त त्याने ते स्वतःच्या मोठ्या फोनवर, स्वतःच्या नंबरने तपासलं होतं. बहीण म्हणाली, "ताई, बायकांना येत नाही असं नाही. बटण चुकीच्या जागी आहे."

पुढच्या वर्षी आम्ही लॉगिन काढून टाकलं. एकच पान ठेवलं: यादीचा फोटो टाका, मुलाचं नाव लिहा, नंबर द्या. बटणावर "यादी पाठवा" असं मराठीत लिहिलं. त्या जूनला दीडशेच्या वर ऑर्डरी तिथून आल्या. बहिणीने त्या दोन तासांत जे केलं, त्यालाच युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. त्यानंतर पान नव्याने कसं असावं हे ठरवलं, ते इंटरॅक्शन डिझाइन.

हे काम नेमकं काय?

लोकांचा इथे तीन ठिकाणी गोंधळ होतो.

साधं सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालतं का, हे बघणं. बटण दाबल्यावर पुढचं पान उघडलं, तर टेस्ट पास.

युजेबिलिटी टेस्टिंग म्हणजे ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर बनवलं, त्या माणसाला त्याचं काम करता येतं का, हे बघणं. इथे परीक्षा सॉफ्टवेअरची असते, माणसाची नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२४१-११ मध्ये याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत: काम पूर्ण झालं का, त्याला किती वेळ आणि कष्ट लागले, आणि वापरणाऱ्याला समाधान वाटलं का.

इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद ठरवणं. मी काय केलं की यंत्र काय उत्तर देणार, चुकलं तर कसं सांगणार, मागे कसं फिरता येणार. हे नाव १९८० च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक यांनी रूढ केलं. मॉग्रिज हे सुरुवातीच्या लॅपटॉपपैकी एक असलेल्या ग्रिड कंपासचे डिझायनर. रंग, फॉन्ट, सजावट हा या कामाचा एक भाग आहे, पण सगळं काम नाही.

आपल्या काउंटरवरचं उदाहरण घ्या. क्यूआर कोडशेजारी तो बोलणारा डबा असतो ना? "इतके रुपये प्राप्त झाले." गर्दीत दुकानदाराचे दोन्ही हात मालात असतात, फोन गल्ल्यात असतो. प्रत्येक पेमेंटला स्क्रीन बघणं शक्य नाही. म्हणून उत्तर कानाला दिलं, आणि त्याच्या भाषेत दिलं. दुकानदाराचं काम नीट बघितल्याशिवाय हे सुचत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या भाषेचं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी "स्वरचक्र" हा कीबोर्ड केला. त्यात "क" वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु अशा रूपांचं चक्र उघडतं. इंग्रजी कीबोर्डवर मराठी बसवण्यापेक्षा बाराखडीवरच कीबोर्ड बसवला. इंटरॅक्शन डिझाइन कशाला म्हणतात, ते यातून चटकन समजतं.

टेस्ट कशी घेतात?

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण हेच तुमचं कौशल्य आणि हाच तुमचा विकायचा माल.

*पहिली पायरी: प्रश्न ठरवा.* "ॲप कसं आहे ते बघू" हा प्रश्न नाही. "नवीन गिऱ्हाईक मदतीशिवाय पहिली ऑर्डर देऊ शकतं का?" हा प्रश्न आहे.

*दुसरी पायरी: योग्य माणसं शोधा.* मित्र, भाऊ, ऑफिसातले सहकारी चालत नाहीत. जे खरोखर वापरणार तेच हवेत. शेतकऱ्यांच्या ॲपसाठी शेतकरी, क्लिनिकच्या सॉफ्टवेअरसाठी रिसेप्शनवरची ताई.

*तिसरी पायरी: कामं लिहा.* साधारण चार ते सहा. त्यात बटणावरचा शब्द वापरायचा नाही. "माय ऑर्डर्सवर जा" म्हटलं की उत्तर फुटलं. "कालचं सामान कुठवर आलंय ते शोधा" असं म्हणा.

*चौथी पायरी: बोलत बोलत करायला सांगा.* "मनात जे येईल ते मोठ्याने बोला." याला थिंक अलाउड पद्धत म्हणतात. आपली माणसं लाजतात, म्हणून सुरुवातीलाच सांगा, "मी हे ॲप बनवलेलं नाही. नावं ठेवलीत तरी मला वाईट वाटणार नाही. आणि तुमचं काही चुकणार नाही, चुकलंच तर ॲपचं."

*पाचवी पायरी: गप्प बसा.* सगळ्यात अवघड पायरी हीच. समोरचा अडकला की आपला हात शिवशिवतो. मदत करायची नाही. त्याने विचारलं, "इथे दाबू का?" तर म्हणायचं, "मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?" दुकानात गिऱ्हाइकाला पटापट मदत करायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे फार जड जातं. पण तुमचं बोट पडलं की टेस्ट वाया.

*सहावी पायरी: नोंदी आणि प्राधान्य.* कोण कुठे अडकलं, काय म्हणालं, काम पूर्ण झालं का. मग प्रत्येक अडचणीला ० ते ४ असा गंभीरपणा द्यायचा. ० म्हणजे अडचणच नाही, ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय बाजारात आणूच नका. क्लायंटला चाळीस चुकांची यादी दिलीत तर तो एकही सुधारणार नाही. पहिल्या तीन सांगा.

किती लोकांवर टेस्ट करायची? जेकब नील्सन आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. त्या हिशोबाने पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, आणि नंतर तेच तेच दिसायला लागतं. म्हणून १५ जणांवर एकदा टेस्ट घेण्यापेक्षा पाच-पाच जणांवर तीनदा घ्या, मध्ये दुरुस्ती करा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील, जसे दुकानदार आणि डिलिव्हरीवाला, तर प्रत्येक गटातले वेगळे घ्यायचे. आणि "किती टक्के लोकांना जमतं?" असा आकडा काढायचा असेल, तर पाच माणसं अजिबात पुरत नाहीत.

टेस्टनंतर गुण द्यायचे असतील तर जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली एसयूएस ही दहा वाक्यांची प्रश्नावली वापरतात. गुण ० ते १०० मध्ये येतात, सरासरी ६८ धरतात. टक्केवारी समजू नका. इथे ६८ म्हणजे फर्स्ट क्लास नाही, जेमतेम मधला नंबर.

डिझाइनच्या बाजूला काय येतं?

अडचण शोधली, आता उपाय. आधी कागदावर पेन्सिलने पानांचा कच्चा आराखडा काढतात, त्याला वायरफ्रेम म्हणतात. मग फिग्मासारख्या टूलमध्ये दाबता येईल असा नमुना करतात, म्हणजे प्रोटोटाइप. फिग्माचा मोफत प्लॅन शिकण्यासाठी पुरेसा आहे. कोडिंग न करता हा नमुना परत पाच जणांना दाखवता येतो. ६५ हजार घालण्याआधी मी एवढं केलं असतं तर!

याला काही पक्के नियम आहेत, ते पाठ नाही पण डोक्यात मुरले पाहिजेत. नील्सनची दहा तत्त्वं वाचा: यंत्र सध्या काय करतंय ते दिसावं, वापरणाऱ्याची भाषा वापरावी, चूक झाली तर मागे फिरता यावं वगैरे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साधा मजकूर आणि मागचा रंग यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा. फिक्या राखाडी अक्षरांची फॅशन इथेच नापास होते. बटणाचा आकार ॲपल किमान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडच्या नियमांत ४८ डीपी आहे. आणि मराठीत लिहिताना शब्दांकडे नीट बघा. "सादर करा", "पुढे चालू ठेवा" असं भाषांतर करून ठेवण्यापेक्षा "पैसे भरा", "यादी पाठवा" असं काम सांगणारं लिहा. चांगलं मराठी येणं, हे या धंद्यातलं भांडवल आहे.

याला पैसे कोण आणि का देतं?

डिझाइन सल्लागार जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेला एक किस्सा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी "रजिस्टर" करायला लागायचं. टेस्टमध्ये दिसलं की नवीन गिऱ्हाईक तिथे वैतागतं आणि जुन्याला पासवर्ड आठवत नाही. बटण बदलून "कंटिन्यू" केलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. स्पूल यांच्या सांगण्यानुसार खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. आपलं दुकान एवढं नाही, पण दारातून परत जाणारं गिऱ्हाईक तेच आहे.

आपल्याकडे आता कायद्याचाही दाब आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. न विचारता बास्केटमध्ये वस्तू घुसवणं, खोटी घाई दाखवणं, सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडू न देणं अशा १३ युक्त्या त्यात आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि दृष्टिहीन तसंच ॲसिडहल्ल्यात चेहरा व डोळे गेलेल्यांना केवायसी करता यावी म्हणून निर्देश दिले. "डोळे मिचकावा" म्हणणाऱ्या ॲपसमोर दृष्टिहीन माणसाने काय करायचं? हे आधीच तपासणारा माणूस कंपन्यांना आता लागणार.

शिकायचं कुठे?

पदवीचा रस्ता: आयआयटी मुंबईची आयडीसी ही १९६९ मध्ये सुरू झालेली संस्था, तिथे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डिझ. आहे. अहमदाबादची एनआयडी, आयआयटी गुवाहाटी, पुण्यातल्या डिझाइन संस्थाही आहेत. आयआयटींसाठी बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड या प्रवेश परीक्षा. तीन वर्षांच्या पदवीवर सीडला बसता येतं, म्हणजे माझ्यासारखी बीबीएवालीसुद्धा. पण परीक्षेला बसणं वेगळं आणि प्रवेश वेगळा. कुठल्या पदवीला प्रवेश मिळतो ते संस्थेनुसार बदलतं. आधी त्या संस्थेचं माहितीपत्रक वाचा, मग क्लास लावा.

कमी खर्चाचा रस्ता: कोर्सेराचं गुगल यूएक्स डिझाइन सर्टिफिकेट, इंटरॅक्शन डिझाइन फाउंडेशनचे कोर्स. एनपीटीईएलवर मानव-संगणक संवादाचे कोर्स असतात. शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. आयडीसीच्या पुढाकाराने चालणारं "डीसोर्स" तर पूर्ण मोफत आहे. पुस्तकं दोनच सांगते: डॉन नॉर्मन यांचं द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज आणि स्टीव्ह क्रुग यांचं डोन्ट मेक मी थिंक.

पण एक सांगते. मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा जास्त वेळ जातो तो तुमच्या पोर्टफोलिओवर.

पोर्टफोलिओ: गावातच तीन कामं करा

नव्वद टक्के नवशिके मोठ्या ॲपचं "रीडिझाइन" करून सुंदर चित्रं लावतात, असं माझी बहीण चिडून म्हणते. (टक्केवारी तिची, राग खरा.) कुणाला भेटले, काय दिसलं, काय बदललं, परत तपासलं का, याचं त्यात काही नसतं.

तुम्ही असं करा. पतसंस्थेचं ॲप, शाळेचं फी भरायचं पान, ओळखीच्या दवाखान्याचं अपॉइंटमेंट ॲप, अशातलं एक घ्या. पाच माणसं, चार कामं. सापडलेल्या तीन मोठ्या अडचणी. एका अडचणीवर कागदी नमुना. तो नमुना आणखी तिघांना दाखवून काय फरक पडला ते. सगळं मिळून चार-पाच पानं. असे तीन अभ्यास झाले की तुमच्याकडे दाखवायला काहीतरी खरं आहे.

दोन पथ्यं मात्र पाळा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी साध्या भाषेत लेखी परवानगी घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ती माणुसकी आहे. आणि बँक किंवा यूपीआयची कामं कधीही कुणाच्या खऱ्या पिनने करून घेऊ नका. तिथे नमुना वापरा.

नोकरी की स्वतःचं काम?

नोकरीत यूएक्स रिसर्चर, इंटरॅक्शन डिझायनर, प्रॉडक्ट डिझायनर, यूएक्स रायटर अशी पदं असतात. जमत असेल तर पहिली दोन-तीन वर्षं नोकरी कराच. टीममध्ये डेव्हलपर "हे होणार नाही" म्हणतो तेव्हा काय करायचं, ते घरी बसून शिकता येत नाही.

स्वतःचं काम करायचं तर "मी यूएक्स करतो" असं म्हणू नका, छोट्या गावातल्या क्लायंटला ते कळत नाही. एक ठरलेलं पॅकेज द्या: "पाच गिऱ्हाइकांवर तुमचं ॲप तपासून, तीन मोठ्या अडचणी व्हिडिओसकट दहा दिवसांत दाखवतो." पहिलं गिऱ्हाईक दुकानदारापेक्षा ॲप बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांत शोधा. त्यांच्याकडे प्रोजेक्ट असतात आणि तपासणारा माणूस नसतो.

दर कसा काढायचा? हा बाजारभाव नाही, फक्त पद्धत दाखवते. तयारी ६ तास, माणसं जमवणं ४, प्रत्यक्ष टेस्ट ६, नोंदींचा अभ्यास ८, रिपोर्ट ६. झाले ३० तास. तुमचा तास ५०० रुपये धरला तर १५ हजार. पाच जणांचं मानधन प्रत्येकी ५०० म्हणजे अडीच हजार, प्रवास हजार. एकूण साडेअठरा हजार. नवशिके माणसं जमवायचे तास आणि मानधन धरतच नाहीत, आणि तिथेच तोट्यात जातात. निम्मे पैसे आधी घ्या. कामात काय येणार नाही, तेही लिहा: डिझाइन बदलून देणं वेगळं, कोडिंग वेगळं. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्या. जीएसटीचं सीएला विचारा.

कोणाला जमेल, कोणाला नाही?

ज्याला माणसं बघायला आवडतात, त्याला जमेल. ज्याला लगेच सल्ला द्यायची खाज आहे, त्याला आधी ती आवरावी लागेल. इंग्रजी रिपोर्ट लिहिण्यापुरतं तरी लागतं. चित्रकला यायलाच हवी असं नाही.

एआयमुळे हे काम जाईल का? स्क्रीनची चित्रं झटपट बनवणं सोपं झालंय, त्यामुळे नुसती चित्रं बनवणाऱ्याची किंमत कमी होणार. पण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातोय, हे कुठल्या मशीनने मला सांगितलं असतं? ते त्या ताईंच्या शेजारी बसल्यावरच कळलं.

मग त्या मुलीला काय सांगितलं?

तिला म्हटलं, पाटल्या सध्या कपाटातच राहू देत. "शंभर टक्के नोकरी" हे लेखी मागून बघ. कोणती नोकरी, किती पगार, नाही मिळाली तर फी परत का. देतात का बघ. तोपर्यंत ६० दिवस घे. मोफत कोर्स सुरू कर आणि तीन टेस्ट पूर्ण कर. पहिली टेस्ट घरातच आहे, वडिलांच्या दुकानात. मापं लिहायची वही हे पण एक इंटरफेसच आहे. वहीतलं माप कारागिराला वाचता येतं का? कुठे चुकतं? कापड कुठे वाया जातं? बस आणि बघ.

६० दिवसांनंतरही मजा येत असेल, तर पैसे घालायचा विचार कर, आणि तेव्हासुद्धा कोर्सची तुलना करून. कंटाळा आला, तर दीड लाख आणि पाटल्या दोन्ही वाचले.

काल तिचा परत मेसेज आला. वडिलांच्या वहीत "छाती" आणि "कंबर" हे दोन आकडे एकाच ओळीत, मध्ये नुसती रेघ मारून लिहिलेले असतात आणि नवीन कारागीर ते उलटे वाचतो. तिने वहीला रकाने आखले आणि आता पुढच्या दहा ब्लाउजवर तपासून बघतेय. मी तिला एवढंच लिहिलं: पोर्टफोलिओचं पहिलं पान तयार झालं.

तुम्हीही या आठवड्यात एक करा. एका माणसाच्या शेजारी पंधरा मिनिटं बसा, त्याला एक ॲप वापरायला सांगा आणि तोंड बंद ठेवा. काय दिसलं ते मला कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच काही अडचणी घेऊन बोलू.

भेटू लवकरच.